डेल्टा ब्लूजची मूळ रेकॉर्डिंग आणि कागदपत्रं: कुठल्या संग्रहात, कुठल्या क्रमांकाखाली, आणि वेग खरा कसा ओळखायचा?

मंद्रसप्तक

मिसिसिपी डेल्टातल्या ब्लूजवर पाच-सहा भागांचा पॉडकास्ट करायचा आहे. काळ १९२९ ते १९४२. बाजारातल्या संकलनांवर न विसंबता मूळ संग्रहांपर्यंत जायचं आहे. नुसतं ध्वनिमुद्रण नको. मुलाखती, पत्रव्यवहार, दौऱ्यातली टिपणं, फोटो हेही हवं. प्रत्यक्ष अमेरिकेला जाणं जमणार नाही, जे काही होईल ते ईमेलवर आणि ऑनलाइन. अडलंय ते असं:

१. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचीत गाण्याच्या नावाने शोधलं की एकतर काहीच हाती लागत नाही, नाहीतर भलत्याच शेकडो नोंदी येतात.

२. लोकसंगीताचा संग्राहक अॅलन लोमॅक्स याने केलेली रेकॉर्डिंग दोन-तीन ठिकाणी दिसतात. मूळ प्रत कुणाकडे हे कसं ठरवायचं?

३. एकाच टेकच्या, म्हणजे एकाच वेळच्या मुद्रणाच्या, दोन डिजिटल प्रती मिळाल्या आणि त्यांच्यात जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक आहे. खरी पट्टी कुठली?

४. संग्रहाला प्रत मागताना नेमकं काय लिहायचं?

"आधी अमुक अल्बम ऐका" छापाचे सल्ले नकोत, ते ऐकून झालेत.

पेटी_क्रमांक_१४

गाण्याच्या नावाने शोधणं आधी थांबवा. हे संग्रह गाण्यांप्रमाणे लावलेलेच नाहीत. कोणी, कोणत्या दौऱ्यात, कुठल्या गावी, कितव्या तबकडीवर मुद्रित केलं त्या क्रमाने ते लावलेत. त्यामुळे आधी दौरा, मग तबकडी आणि सगळ्यात शेवटी गाणं.

१९२८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकगीतांचं जे दफ्तर सुरू झालं, ते आता तिथल्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरमध्ये आहे. त्या जुन्या तबकड्यांना एएफएस क्रमांक असतात. रचना साधी: तबकडीचा आकडा, मग बाजू ए किंवा बी, मग त्या बाजूवरचा कितवा तुकडा. हा क्रमांक हातात आला की निम्मं काम झालं, कारण ग्रंथपालही त्याच क्रमांकाने शोधतो. क्रमांक मिळवायला डिक्सन, गॉडरिच आणि राय यांची 'ब्लूज अँड गॉस्पेल रेकॉर्ड्स' ही सूची वापरा, १९९७ची चौथी आवृत्ती. १८९० ते १९४३ मधल्या बाजारी रेकॉर्ड तर तिच्यात आहेतच, शिवाय लायब्ररीची फील्ड रेकॉर्डिंगही, म्हणजे गायकाच्या गावी जाऊन केलेली मुद्रणं, आहेत. बाजारी रेकॉर्डचे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कंपनीने प्रत्येक मुद्रणाला दिलेले क्रमांक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेच्या ऑनलाइन डिस्कोग्राफीत (रेकॉर्डच्या सूचीत) फुकट बघता येतात.

पुढचा सापळा नावांचा. फील्ड रेकॉर्डिंगच्या नोंदी बहुतेक वेळा खऱ्या नावाने असतात. मडी वॉटर्स हवा असेल तर मॅकिन्ली मॉर्गनफील्ड शोधा, सन हाउससाठी एडी जेम्स हाउस, लेडबेलीसाठी हडी लेडबेटर. बाजारी रेकॉर्डमध्ये उलटा खेळ: चार्ली पॅटनची एक रेकॉर्ड पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीने 'द मास्क्ड मार्व्हल' या नावाने काढली आणि भक्तिगीतं 'एल्डर जे. जे. हॅडली' म्हणून. ब्लाइंड लेमन जेफरसन भक्तिगीतांपुरता 'डीकन एल. जे. बेट्स' होतो. सनी बॉय विल्यमसन तर दोन आहेत, १९४८ साली वारलेला जॉन ली आणि १९६५ साली वारलेला राइस मिलर. सूचीत दोघांची सरमिसळ दिसली तर साल बघून वेगळे करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लोमॅक्सच्या कामाचे दोन भाग पाडा. १९४२ पर्यंत तो लायब्ररीच्या नोकरीत होता, त्या तबकड्या लायब्ररीच्या, एएफएस क्रमांकाच्या. १९४६ नंतरचं मुद्रण त्याचं स्वतःचं: १९४७-४८चं पार्चमन तुरुंगातलं, १९५९ मध्ये कोमो गावात फ्रेड मॅकडॉवेलचं केलेलं, वगैरे. या फितींना टी अक्षराने सुरू होणारे क्रमांक आहेत. लोमॅक्सनेच स्थापलेली असोसिएशन फॉर कल्चरल इक्विटी हे सांभाळते आणि ऑनलाइन ऐकवते. मूळ फिती २००४ पासून लायब्ररीकडे आहेत. तुमचा काळ १९४२ला संपतो, म्हणजे तुमच्यासाठी मूळ प्रत लायब्ररीचीच. बाकी ठिकाणी दिसतात त्या तिच्यावरून निघालेल्या प्रती.

१९४१-४२ची मिसिसिपीच्या कोहोमा काउंटीतली लोकसंगीताची पाहणी मात्र नुसत्या लायब्ररीत बघून भागणार नाही. ती लायब्ररी आणि नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ यांची संयुक्त मोहीम होती. फिस्ककडून जॉन वर्क, लुइस जोन्स आणि सॅम्युअल अॅडम्स होते. तबकड्या वॉशिंग्टनला गेल्या, वर्क यांची कागदपत्रं फिस्कमध्ये राहिली, आणि तिघांची हस्तलिखितं अनेक दशकं बाजूला पडून शेवटी २००५ साली छापली गेली. स्टोव्हॉल मळ्यावरच्या मडी वॉटर्सच्या मुद्रणाला वर्क हजर होते, मडीला प्रश्न विचारणाऱ्यांत तेही आहेत. तरी सगळं श्रेय सवयीने लोमॅक्सच्या खात्यावर जातं. पॉडकास्टमध्ये तेवढं नीट करा.

१९२९ ते १९३२ साठी चित्र एकदम वेगळं आहे. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. तिचे मास्टर, म्हणजे ज्यांवरून रेकॉर्ड छापतात ते मूळ साचे, उरले नाहीत, त्यामुळे "कंपनीचं दफ्तर" असं काही शोधत बसू नका. आज ऐकू येतं ते संग्राहकांकडे वाचलेल्या लाखेच्या तबकड्यांवरून. त्याही हलक्या मालाच्या, म्हणून खरखर इतकी. विली ब्राउनची पॅरामाउंट १३०९९ अजून कुणालाही सापडलेली नाही. या काळासाठी कागद हवे असतील तर टेनेसीत मर्फ्रीझबरोला मिडल टेनेसी स्टेट विद्यापीठाचं सेंटर फॉर पॉप्युलर म्युझिक बघा. रॉबर्ट जॉन्सनचा मृत्यूचा दाखला १९६८ साली शोधून काढणाऱ्या गेल डीन वॉर्डलो यांचा संग्रह तिथे आहे. जॅक्सनचे एच. सी. स्पीअर, ज्यांनी पॅटनसकट कितीतरी गायक कंपन्यांकडे पाठवले, त्यांच्याशी वॉर्डलो यांनी केलेलं बोलणं तुमच्या विषयाला सोन्यासारखं आहे.

मिसिसिपी विद्यापीठाचं ब्लूज आर्काइव्ह (मिसिसिपीतलं ऑक्सफर्ड, स्थापना १९८४) नावाने सगळ्यात आधी सुचतं, पण तुमच्या काळाला ते दुरून उपयोगी. बी. बी. किंगने दिलेल्या हजारो रेकॉर्ड, 'लिव्हिंग ब्लूज' मासिकाचं साहित्य, शेल्डन हॅरिस यांचा संग्रह, जॅक्सनच्या ट्रम्पेट रेकॉर्ड्सची कागदपत्रं: भर १९५० नंतरचा. जुन्या कलाकारांच्या उत्तरायुष्यातल्या मुलाखती आणि फोटो यांसाठी तिथे जा. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलच्या सदर्न फोकलाइफ कलेक्शनमधलं विल्यम फेरिस यांचं मिसिसिपीचं काम साठ-सत्तरच्या दशकांतलं, तेही तसंच.

अनवट_नोंद

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत. एक दुरुस्ती: गाण्याचं नाव अगदीच टाकाऊ नाही, ते कोणी दिलं हे लक्षात ठेवून वापरायचं. फील्ड रेकॉर्डिंगला नाव बरेचदा मुद्रण करणारा देतो, गायक नाही. १९४१च्या मडीच्या नोंदीत नुसतं 'कंट्री ब्लूज' असं लिहिलंय. चाल 'वॉकिंग ब्लूज'च्या घराण्यातली, आणि ती सन हाउसकडून आली हे मडी त्याच मुद्रणातल्या मुलाखतीत सांगतो. तिथलंच 'आय बीज ट्रबल्ड' १९४८ साली अॅरिस्टोक्रॅट कंपनीकडे 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' होऊन आलं. तेव्हा प्रसिद्ध नावाने शोधून काही न मिळणं साहजिक आहे. पहिली ओळ, गावाचं नाव, काउंटीचं नाव असे शोध जास्त फळतात.

प्रत मागण्याबद्दल. आधी त्या संग्रहाची फाइंडिंग एड, म्हणजे पेटीवार यादी, डाउनलोड करून पूर्ण वाचा. वाचताना थेट पेट्यांच्या यादीवर उडी मारू नका. वरच्या भागात "प्रवेशावरील निर्बंध" आणि "वापरावरील निर्बंध" अशी दोन वेगळी कलमं असतात. पहिलं ऐकता-बघता येईल का ते सांगतं, दुसरं प्रसिद्ध करता येईल का ते. पुष्कळ साहित्य पहिल्यात खुलं आणि दुसऱ्यात अडलेलं असतं.

ईमेलमध्ये एवढंच असावं: संग्रहाचं नाव आणि क्रमांक, पेटी, फोल्डर किंवा तबकडीचा क्रमांक, काय हवंय (ऐकण्यापुरती प्रत, प्रसारणाच्या दर्जाची प्रत, का कागदाचं स्कॅन), कशासाठी, आणि कधीपर्यंत. एका पत्रात चार-पाचच गोष्टी मागा. "सन हाउसबद्दल जे असेल ते पाठवा" या पत्राला उत्तर म्हणून त्याच फाइंडिंग एडची लिंक येते, आणि ते रास्तच आहे.

दोन गोष्टी मुद्दाम मागा, कारण आपणहून कुणी देत नाही. एक, तबकडीच्या पाकिटावर आणि लेबलवर हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो. वेग, सुई आत ठेवायची की बाहेर, दुसरा टेक आहे का, हे बऱ्याचदा तिथेच खरडलेलं असतं आणि सूचीत उतरलेलं नसतं. दोन, त्या दौऱ्याचा पत्रव्यवहार. तो ध्वनिमुद्रणापासून वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. कुणाला किती पैसे दिले, तुरुंगाधिकाऱ्याची परवानगी कशी मिळवली, हे तिथे सापडतं.

उत्तराला आठवडे लागतात. साहित्य दूरच्या कोठारात असेल तर अजून. भागांचं वेळापत्रक ठरवायच्या आधी पत्रं टाका.

तीन_मिल_सुई

पट्टीबद्दल.

अर्धा स्वर म्हणजे वेगात साधारण ६ टक्के फरक. अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा '७८' म्हणजे मिनिटाला नेमके ७८.२६ फेरे. तीच तबकडी ७४ फेऱ्यांनी वाजली तर जवळपास पूर्ण अर्धा स्वर खाली जाते. म्हणजे दोन्ही प्रतींपैकी एकीत फार मोठी गफलत झाली असेल असं नाही. एवढी चूक सहज होते.

आधी हे विचारा की प्रत कशावरून निघाली. लायब्ररीच्या पुष्कळ तबकड्या पूर्वीच फितींवर उतरवल्या गेल्या. त्या फितींना एलडब्ल्यूओ क्रमांक असतो आणि फाइंडिंग एडमध्ये तो एएफएस क्रमांकाशेजारी दिसतो. ऐकण्याची प्रत फितीवरून निघाली असेल तर तबकडी वाजवतानाची चूक अधिक फितीच्या वेगाची चूक, दोन्ही पदरात पडतात. तबकडीवरून थेट नव्याने केलेलं रूपांतर उपलब्ध असेल तर तेच मागा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, खरखर न काढलेलं, इक्वलायझेशन (जाड-बारीक स्वरांची पातळी बदलणं) न लावलेलं. आरआयएए हा त्यासाठीचा प्रमाण वक्र १९५४चा आहे. तो १९३०च्या रेकॉर्डला लावला की आवाज बिघडतो आणि नंतर कशाने काय बिघडलं ते उलगडत नाही.

मग गुणगुण मोजा. वीजपुरवठ्यावर मुद्रण झालं असेल तर त्यात ६० हर्ट्झची गुणगुण कोरली गेलेली असते. सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंतचा तुकडा घ्या, त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे याचा आलेख, काढा. ४४.१ किलोहर्ट्झला ६५,५३६ नमुन्यांची खिडकी घेतली तर ०.६७ हर्ट्झपर्यंत फरक दिसतो. गुणगुण ५७ वर आली तर प्रत ५ टक्के संथ आहे. ६० पेक्षा तिच्या पटींवर, म्हणजे १२० आणि १८० हर्ट्झवर, मोजमाप जास्त अचूक येतं.

यात दोन फसगती आहेत. गुणगुण बरोब्बर ६०.० (किंवा युरोपात रूपांतर झालं असेल तर ५०.०) असेल तर ती बहुधा रूपांतराच्या यंत्राची आहे, मूळची नाही. आणि दुसरं, शेतावर किंवा तुरुंगात वीज कुठली? तिथे यंत्र बॅटरीवर चालायचं. १९३३ साली जॉन आणि अॅलन या लोमॅक्स बापलेकांनी फोर्डच्या डिकीत बसवलेलं यंत्र ३१५ पौंडांचं होतं, त्याच्या बॅटऱ्या वेगळ्या. बॅटरी उतरत गेली की मुद्रणाची तबकडी हळू फिरते आणि वाजवताना सूर चढत जातो. अशा बाजूवर सुरुवात आणि शेवट यांची पट्टी वेगळी येते, मग अख्ख्या फाइलला एकच टक्केवारी लावून उपयोग नाही. तीस-तीस सेकंदांचे तुकडे मोजून वक्र बसवा.

गिटारवरून पट्टी ठरवू नका. एकटा वाजवणारा ए=४४० या प्रमाण पट्टीला लावून बसत नाही, वर कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा. मात्र तार लावण्याची पद्धत ओळखता येते. 'स्पॅनिश', म्हणजे ओपन जी, लावलेली असेल आणि कॅपो नसेल तर सगळ्यात खालची मोकळी तार डी, म्हणजे ७३.४ हर्ट्झच्या आसपास. ती ७०च्या खाली किंवा ७८च्या वर गेली की संशय घ्या. खात्री मात्र धरू नका. त्यापेक्षा बोलण्याचा आवाज उपयोगी. तबकडीच्या सुरुवातीला लोमॅक्स नाव-गाव-तारीख बोलतो. तोच आवाज शेकडो तबकड्यांवर आहे. ज्यांचा वेग पक्का ठरलाय त्यांच्याशी ताडून बघा, चार-पाच टक्क्यांची चूक कानाला लगेच कळते.

रॉबर्ट जॉन्सनच्या सगळ्या रेकॉर्ड २० टक्के जलद आहेत ही कंडी अधूनमधून उठते, तुमच्याही कानावर येईल. नोव्हेंबर १९३६चं सॅन अँटोनिओ आणि जून १९३७चं डॅलस, सात महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या शहरांत अगदी एकसारखी चूक झाली असं त्यासाठी मानावं लागेल. भागात घेऊ नका.

तबकड्यांबद्दल थोडं, म्हणजे कमी-जास्त दर्जाचं काय मिळेल याचा अंदाज येईल. १९३३-३४च्या बऱ्याच तबकड्या नुसत्या अॅल्युमिनियमच्या, त्यात खाच कापलेली नसून दाबलेली असते; आवाज दूरचा आणि धातूचा. नंतरच्या लॅकर डिस्क, म्हणजे धातूच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा थर. त्यातलं एरंडेल कालांतराने सुटतं, पृष्ठभागावर पांढरी पूड जमते, थर आकसतो आणि पापुद्रे निघतात. युद्धकाळात अॅल्युमिनियम मिळेना म्हणून पाया काचेचा झाला, त्या डिस्क पडल्या की संपल्या. म्हणून मूळ तबकडी पुन्हा वाजवून द्यायला संग्रह नकार देतात. हुज्जत घालू नका. काही डिस्क ३३⅓ वर आहेत आणि काहींवर सुई आतून बाहेर चालते, हेही माहीत असू द्या.

मंद्रसप्तक

माझ्या दोन्ही प्रतींत गुणगुण बघितली: एकीत बरोब्बर ६०, दुसरीत ५६.९ आणि तिची दुप्पटही सापडली. म्हणजे पहिलीवरची गुणगुण यंत्राची धरायची का? आणि हक्कांचं कुणीच बोललं नाही. १९४१चं आहे म्हणजे आता खुलं असेल ना?

तीन_मिल_सुई

पहिलीवर अजून निकाल देऊ नका. दोन्ही प्रतींतला तोच स्वर मोजून गुणोत्तर काढा. ते ६० भागिले ५६.९, म्हणजे १.०५४ च्या जवळ आलं तर गुणगुण मूळ खाचेतली आहे आणि पहिली प्रत बरोबर. गुणोत्तर जुळलं नाही तर निदान एकीतली गुणगुण नंतरची आहे.

हक्कनोंद

खुलं नाही. फील्ड रेकॉर्डिंगच्या बाबतीत तर बहुतेकांचा अंदाज नेमका उलटा निघतो.

अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना २०१८च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अॅक्टने मुदती घालून दिल्या. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली १ जानेवारी २०२२ला खुली झाली. मॅमी स्मिथचं १९२०चं 'क्रेझी ब्लूज' त्यात आलं. १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित झालेल्यांना १०० वर्षं, वर्षअखेरपर्यंत. पॅटनच्या १९२९ मध्ये निघालेल्या रेकॉर्ड १ जानेवारी २०३० ला खुल्या होतील, जॉन्सनच्या १९३७ मध्ये निघालेल्या २०३८ला. १९४७ ते १९५६च्यांना ११० वर्षं. उरलेलं सगळं १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत बांधलेलं.

इथे मोजायचं ते प्रकाशनाचं साल, मुद्रणाचं नाही. १९४१ साली तबकडीवर उतरलेलं आणि त्या काळात कधी विक्रीला न आलेलं गाणं "उरलेल्या"त पडतं. म्हणजे १९२९च्या बाजारी रेकॉर्डपेक्षा खेड्यातल्या ओसरीवरचं मुद्रण कितीतरी जास्त काळ अडकून राहतं. विचित्र आहे, पण आहे.

ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळे. प्रकाशित रचनेला त्या काळासाठी ९५ वर्षं. रेकॉर्ड खुली असून रचना अडलेली किंवा उलट, दोन्ही शक्य आहे. फोटोचा हक्क तिसराच. फोटो संग्रहाच्या पेटीत आहे म्हणून हक्क संग्रहाचा होत नाही. देणगीपत्रात काय लिहिलंय ते विचारा.

पळवाट म्हणा वा सोय, त्याच कायद्यात एक आहे: मुद्रण सध्या बाजारात नसेल आणि वापर व्यावसायिक नसेल तर कॉपीराइट ऑफिसात सूचना दाखल करायची, ९० दिवसांत हक्कदाराने हरकत घेतली नाही तर वापरता येतं. आधी नीट शोध घेतल्याचं दाखवावं लागतं. जाहिराती घेणारा पॉडकास्ट यात बसेल याची खात्री धरू नका. हे सगळं अमेरिकेपुरतं. तुम्ही जिथून प्रसारित कराल तिथला कायदा वेगळा पाहावा लागेल.

लायब्ररी परवानगी देत नाही, आपल्याकडे काय माहिती आहे तेवढी देते, जबाबदारी वापरणाऱ्याची. लोमॅक्सच्या १९४६ नंतरच्या मुद्रणासाठी असोसिएशन फॉर कल्चरल इक्विटीला लिहा. आणि कायदा काही म्हणो, यातल्या पुष्कळ गायकांनी कसल्याही कागदावर सही केलेली नव्हती, तुरुंगातल्यांचा तर नकार द्यायचा प्रश्नच नव्हता. कुटुंबीयांचा पत्ता संग्रहाला ठाऊक असेल तर त्यांच्यामार्फत विचारणा करा.

पेटी_क्रमांक_१४

श्रेयनोंद करताना हा क्रम ठेवा: गायकाचं नाव (नोंदीतलं आणि प्रचलित, दोन्ही), सूचीतलं शीर्षक, मुद्रण करणारे सगळे, गाव, काउंटी, राज्य, तारीख, एएफएस क्रमांक बाजू-तुकड्यासह, संग्रहाचं नाव, संस्था. प्रत फितीवरून असेल तर एलडब्ल्यूओ क्रमांकही. वेग बदलून ऐकवणार असाल तर किती टक्के आणि कशावरून ठरवला ते त्याच ओळीत लिहा, म्हणजे पुढच्याला तुमची प्रत मूळ समजून पुन्हा तिच्यावर दुरुस्ती करावी लागणार नाही.